सुनावणीची तारीख, पोच आणि रोजनामा : वारस नोंदीची आमची सव्वादोन वर्षं

परवा ऑफिसात एका मैत्रिणीने विचारलं, “अगं ती सुनावणी सुनावणी म्हणतात ती नक्की काय असते? कोर्टासारखं उभं राहून बोलायचं असतं का?” तिच्या सासऱ्यांच्या जमिनीचं काहीतरी निघालंय, प्रांत ऑफिसची, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांची, नोटीस आलीये आणि घरात सगळे एकमेकांची तोंडं बघतायत. मला एकदम २०२३ मधली मी आठवले. मलाही वाटायचं की सुनावणी म्हणजे साहेब समोर बसणार, आपण खरं काय ते सांगणार, आणि ते ऐकून घेणार. ऐकतात, नाही असं नाही. पण फाईलीत जे उतरलं तेवढंच ऐकलं जातं, आणि हे कळायला मला एक निकाल विरोधात जावा लागला. म्हणून सगळं तारीखवार लिहून काढतेय. तालुक्याचं नाव मुद्दाम देत नाही, माणसं अजून तिथेच बसतात आणि आमचंही तिथे जाणं-येणं आहे.

आमचे नाना, म्हणजे वडील, १४ नोव्हेंबर २०२२ ला गेले. मागे आई, दादा आणि मी. गावाकडे दोन गटांत मिळून १ हेक्टर १२ आर जमीन, एक सामाईक विहीर, घर. दादा गावीच असतो, शेती तोच बघतो, मी पुण्यात नोकरी करते. नानांच्या शेवटच्या आजारपणात आई माझ्याकडे आली ती इथेच राहिली. हे मुद्दाम सांगतेय कारण पुढे सगळं रामायण ह्या एका गोष्टीवरून झालं, की आईचा कागदावरचा पत्ता गावचा आणि प्रत्यक्ष आई पुण्यात.

वारस नोंदीचा अर्ज तीन महिन्यांच्या आत द्यावा असं जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४९ मध्ये आहे, हे मला नानांच्याच एका मित्राने सांगितलं. म्हणून जानेवारी २०२३ मध्ये मी ई-हक्क ह्या सरकारी पोर्टलवरून ऑनलाईन अर्ज टाकला, मृत्यू दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, सातबारा आणि ८-अ (खातेउतारा) जोडून. तिघांचीही नावं लिहिली. दादाला फोन करून सांगितलं पण होतं, तो “बरं” म्हणाला. तो “बरं” नक्की कसला होता ते फेब्रुवारीत कळलं.

प्रोसेस अशी असते की तलाठी भाऊसाहेब (आता ह्या पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण गावात अजून तलाठीच म्हणतात) फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बदलण्याची, नोंद धरतात, मग नमुना ९ ची नोटीस निघते, आणि १५ दिवसांत कोणाची हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. हे ‘आपली चावडी’ ह्या सरकारी साईटवर घरबसल्या दिसतं. मी रोज रात्री जेवण झालं की बघायचे. तेराव्या दिवशी हरकत आली. दादाची. सोबत नानांचं २०१९ सालचं मृत्युपत्र, ज्यात सगळी जमीन त्याच्या नावावर.

मृत्युपत्र रजिस्टर केलेलं नव्हतं, पण ते रजिस्टर करायलाच लागतं असं कायद्यात नाही, त्यामुळे “रजिस्टर नाही म्हणजे खोटं” हा माझा पहिला मुद्दा पहिल्याच दिवशी निकालात निघाला. आईला मी वाचून दाखवलं. आई एवढंच म्हणाली, “त्याने राबलंय, त्याला जास्त द्या, मी नको म्हणत नाही. पण माझं नाव का पुसायचं?”

इथे एक सांगते, दादाला खलनायक करण्यासाठी हे लिहीत नाहीये. वीस वर्षं त्याने ती जमीन कसलीय, नानांच्या दवाखान्याचे निम्मे पैसे त्यानेच भरले. पण आई वारसच नाही असं कागदावर होणार असेल तर गप्प बसणं मला जमलं नाही.

हरकत आली की नोंद साधी राहत नाही, तक्रारी होते. ६-अ म्हणून एक रजिस्टर असतं, विवादग्रस्त प्रकरणांचं, त्यात ती जाते आणि मग कलम १५० खाली सुनावणी लागते. आमची मंडळ अधिकाऱ्यांकडे लागली. सातबाऱ्यावर तोपर्यंत ‘प्रलंबित फेरफार’ असं दिसत राहतं.

पहिली तारीख १५ मार्च २०२३. मी सुट्टी टाकून, आईला घेऊन, पहाटेची एसटी पकडून पोचले तर ऑफिस उघडं आणि आत कोणी नाही. जुन्या पेन्शनचा संप आदल्या दिवशीच सुरू झालेला. पेपरात वाचलं होतं हो, पण आपल्या तारखेशी त्याचा संबंध आहे हे डोक्यातच आलं नाही. आईचं वय पंच्याहत्तरच्या वर, तिला एसटी फुकट, माझं मात्र पूर्ण तिकीट गेलं. बायकांचं अर्धं तिकीट दोनच दिवसांनी, १७ मार्चला सुरू झालं, ह्यावरून आई मला अजून चिडवते.

दुसरी तारीख १२ एप्रिल. ह्यावेळी क्लार्क होते, पण मंडळ अधिकारी अवकाळीच्या पंचनाम्यांना गेलेले. बरोबरच आहे, लोकांची पिकं आडवी झालेली, आमचं काय थांबू शकत होतं. दादा पण आला होता. तिघं एकाच बाकावर बसलो, मध्ये आई. दादाने आईला विचारलं गुडघा कसा आहे, आई म्हणाली बरा आहे, आणि नंतर दीड तास कोणी काही बोललं नाही. शेवटी क्लार्क म्हणाले, “पुढची तारीख कळवू.” मी माझा मोबाईल नंबर सांगितला, त्यांनी समोरच्या कॅलेंडरच्या कडेला लिहून घेतला. मी निश्चिंत होऊन पुण्याला आले.

माझी सगळ्यात मोठी चूक ती. नंबर कॅलेंडरवर होता, फाईलीत नव्हता. त्या दिवशी एका साध्या कागदावर “आम्ही अर्जदार सध्या पुणे येथे राहतो, पत्ता असा, मोबाईल असा, सर्व नोटिसा ह्या पत्त्यावर पाठवाव्यात” एवढं लिहून दिलं असतं आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसकट शिक्का घेतला असता, तर पुढची दीड-दोन वर्षं वाचली असती. त्या शिक्क्याच्या प्रतीला पोच म्हणतात.

मे गेला, जून गेला. मी दोनदा फोन केला, उचलला नाही. मुलीची दहावी, ऑफिसचं ऑडिट, म्हटलं कळवतील. ३ सप्टेंबरला रविवारी सहज १५ रुपये भरून डिजिटल सातबारा काढला आणि भोगवटादाराच्या रकान्यात दादाचं एकट्याचं नाव. प्रलंबित फेरफार गायब. मी तो पीडीएफ तीनदा बंद करून उघडला. आई शेजारी मेथी निवडत होती, तिला त्या दिवशी सांगितलंच नाही.

११ सप्टेंबरला जाऊन नकलेचा अर्ज दिला. इथे मला नशिबाने एक चांगला सल्ला मिळाला. बाहेर अर्ज लिहून देणारे जे आजोबा बसतात ना, टेबल, छत्री आणि कार्बन पेपरवाले, ते म्हणाले, “ताई, नुसत्या आदेशाची नक्कल मागू नका, सगळ्या फाईलीची मागा. रोजनामा मागा, नोटिसा मागा, नोटीस कोणी घेतली ते मागा.” अर्ज लिहायचे त्यांनी साठ रुपये घेतले. एवढ्या सगळ्या खर्चातले सर्वात वसूल झालेले साठ रुपये.

प्रमाणित प्रती २६ सप्टेंबरला मिळाल्या, ऐन गणपतीत. एसटी स्टँडवर बसूनच वाचल्या. रोजनामा म्हणजे प्रत्येक तारखेला काय झालं त्याची दोन-चार ओळींची नोंद, कोण हजर, कोण गैरहजर, पुढची तारीख काय. त्यात १२ एप्रिलला आम्ही दिवसभर बसलो होतो त्याचा उल्लेखच नाही, कारण आम्ही सही केली नव्हती, आणि सही करायची असते हे आम्हाला माहीत नव्हतं. मग ७ जूनची तारीख. “अर्जदार यांना नोटीस बजावूनही गैरहजर.” आणि ३० जूनचा आदेश, दीड पानाचा, की मृत्युपत्राप्रमाणे नोंद मंजूर.

नोटीस कुठे बजावली? नोटीशीची मागची बाजू झेरॉक्समध्ये फिकट आली होती, मोबाईलचा टॉर्च लावून वाचली. आईची नोटीस आणि माझी नोटीस, दोन्ही गावच्या घरी, दोन्हीवर एकच सही, निळ्या बॉलपेनने, आणि खाली नात्याच्या जागी लिहिलेलं ‘सून’. वहिनीची सही. कोतवालाने नियमाप्रमाणे घरच्या माणसाला दिली, त्याचं काही चुकलं नाही. वहिनीने घेतली, आणि आम्हाला सांगायचं राहिलं. राहिलं की नाही सांगितलं ते देव जाणे, मी आजपर्यंत विचारलेलं नाही.

आता पुढे अपील. मंडळ अधिकाऱ्यांच्या आदेशावर अपील प्रांताकडे, म्हणजे उपविभागीय अधिकारी, कलम २४७ खाली. मुदत ६० दिवस, कलम २५०. नक्कल मिळायला जेवढे दिवस गेले ते त्यातून वगळतात, म्हणून नकलेवर अर्ज कधी दिला आणि प्रत कधी मिळाली ह्या दोन तारखा लिहिल्यात का ते खिडकीवरच बघून घ्यायचं. आमचे ते दिवस वगळूनही पंचवीस-सव्वीस दिवस उशीर होत होता, त्यामुळे कलम २५१ खाली विलंब माफीचा वेगळा अर्ज लागला, सोबत प्रतिज्ञापत्र की आम्हाला आदेश ३ सप्टेंबरला कळला. सातबारा डाऊनलोड केल्याची तारीख त्याच्यावरच छापलेली असते, तो पुरावा म्हणून लावला.

वकील करायचा की नाही ह्यावर घरात बराच खल झाला. महसुली सुनावणीत वकील सक्तीचा नाही, स्वतः उभं राहता येतं. पण उशीर माफ झाला नाही तर सगळंच संपणार होतं म्हणून तालुक्यातलेच एक वकील केले, अठरा हजार ठरले, तीन हप्त्यांत. पुण्याचा वकील मुद्दाम केला नाही, कारण तारीख पडली नाही तरी त्याचा येण्याजाण्याचा खर्च चालू. तालुक्याचा माणूस सकाळी दहाला फोन करून सांगू शकतो की ताई येऊ नका, साहेब आज नाहीत. हा फोन मला निदान चार वेळा आला आणि चार सुट्ट्या वाचल्या.

९ ऑक्टोबर २०२३ ला अपील दाखल. अपील मेमो, आदेशाची प्रमाणित प्रत, फेरफार, सातबारा, विलंब माफीचा अर्ज, स्थगितीचा अर्ज, वकीलपत्र, कोर्ट फी तिकिटं. आणि जेवढे जाबदेणार (समोरचे पक्षकार) तेवढे जादा संच, हे लोक विसरतात आणि मग परत झेरॉक्सच्या दुकानात पळतात. प्रतिज्ञापत्राला सेतूमध्ये स्टॅम्प पेपर आणा म्हणाले, वकिलांनी हसून साध्या कागदावरच करून घेतलं, सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क २००४ पासून माफ आहे म्हणे आणि खरंच कोणी अडवलं नाही. ह्यावेळी माझा पुण्याचा पत्ता, मोबाईल, ईमेल पहिल्याच पानावर ठळक.

मग सुरू झाला तारखांचा सिलसिला. इथे एक गोष्ट समजून घेतली तर निम्मा वैताग कमी होतो. प्रांत म्हणजे काही जज नव्हेत जे रोज कोर्टातच बसतात. तेच निवडणूक बघतात, तेच भूसंपादन, तेच पूर आला तर बोटीची सोय, तेच दंडाधिकारी म्हणून बंदोबस्त. सुनावण्या आठवड्यातून एखादा दिवस, आमच्याकडे बुधवार. त्यामुळे राज्यात काहीही घडलं की आमची तारीख पुढे. १३ डिसेंबर, दादाला नोटीस बजावल्याचा अहवाल आला नाही. २४ जानेवारी २०२४, मराठा सर्वेक्षण आदल्या दिवशी सुरू झालेलं, सगळा स्टाफ गावोगाव. २१ फेब्रुवारीला मात्र झालं, विलंब माफीवर युक्तिवाद. वकिलांनी ती ‘सून’ लिहिलेली नोटीस दाखवली. दादाच्या वकिलांनी विरोध केला पण फार जोर नव्हता. ६ मार्चला विलंब माफ झाला, स्थगिती मात्र मिळाली नाही. मी दोन दिवस रडकुंडीला आले होते, दादाने मधल्या काळात जमीन विकली तर काय. वकील म्हणाले तुमचा भाऊ विकणार नाही हो, तो कसतोय. वकिलाला माझा भाऊ माझ्यापेक्षा जास्त कळला होता.

१६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. एप्रिलची तारीख गेली, मे गेला, ४ जूनला निकाल. १२ जूनला गेलो तर खुर्चीत नवीन साहेब. जुन्यांची बदली. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. १० जुलैला ऑफिसच्या आवारात पाय ठेवायला जागा नव्हती, लाडकी बहीण योजनेचे दाखले. आईने रांगेतल्या एका बाईला विचारलं कशाची रांग, ती म्हणाली दीड हजार मिळणारेत, तुम्ही पण भरा. आई म्हणाली मी बहीण नाही गं, आई आहे, आमची रांग वेगळी.

दरम्यान एक सवय लागली जी उपयोगी आहे. ईक्यूजेकोर्ट नावाची महसूल खात्याची साईट आहे, त्यात आपला अपील नंबर टाकला की पुढची तारीख दिसते. नेहमी अपडेट असतेच असं नाही, पण आदल्या रात्री बघायचं आणि सकाळी वकिलांना फोन करायचा. आणि प्रत्येक तारखेला, साहेब असोत नसोत, कारकुनाला सांगून रोजनाम्यावर हजेरीची सही करायची. सुरुवातीला ते “कशाला, तारीखच आहे” म्हणायचे. मी तिथेच उभी राहायचे. नंतर ते स्वतःच वही पुढे करायला लागले, “घ्या ताई, करा सही.”

खरी सुनावणी ७ ऑगस्ट २०२४ ला. बोर्डावर अडतीस प्रकरणं, आमचा नंबर सत्तावीस. अकरापासून बसलो होतो, पुकारा झाला पावणेपाचला. शिपाई दारात येऊन नाव तीनदा पुकारतो, सगळ्या व्हरांड्यात ऐकू जातं. आपल्या आईचं नाव असं पुकारलेलं ऐकणं, मला नाही सांगता येत कसं वाटतं ते. आई उठताना पडता पडता राहिली, पलीकडून दादाने हात धरला, आणि तसाच हात धरून आत घेऊन आला. आत गेल्यावर तो त्याच्या वकिलाच्या बाजूला गेला, आई माझ्या.

आत कोर्टरूम वगैरे काही नाही. साहेबांचं नेहमीचंच दालन, टेबलासमोर सहा खुर्च्या, दोन्ही वकील उभे, बाजूला स्टेनो, फोन वाजतोय, कोणीतरी मध्येच सही घ्यायला येतंय. मी रात्री बसून चार पानं पाठ केली होती. नानांनी मला कसं शिकवलं, आईने दुसऱ्यांच्या रानात कसं खुरपलं, सगळं. त्यातलं एक वाक्य बोलायची वेळ आली नाही.

साहेबांनी फाईल चाळत विचारलं, “खाली मंडळ अधिकाऱ्यांकडे साक्षीदारांचे जबाब झालेत का?”

दादाचे वकील म्हणाले, “साहेब, मृत्युपत्रावर दोन साक्षीदार आहेत.”

“ते दिसतंय. जबाब?”

कोणी काही बोललं नाही.

“आजींना नोटीस कोणी घेतली?”

आमच्या वकिलांनी पान नंबर सांगितला. साहेबांनी पान उलटून मागची बाजू पाहिली. मग आईकडे बघून, “आजी, तुम्ही तेव्हा कुठं राहत होता?”

“पुण्याला, लेकीकडं.”

“पुरावा?” वकिलांनी पुण्याच्या दवाखान्याचे कागद पुढे केले, जून २०२३ चे, आईच्या गुडघ्याचे, तारखा असलेले. ते मी घरी रद्दीत टाकायला निघाले होते. साहेबांनी दोन्ही वकिलांना सांगितलं, आठ दिवसांत लेखी युक्तिवाद द्या. प्रकरण निकालासाठी बंद. आम्ही बाहेर. घड्याळात पाहिलं तर पाच मिनिटंसुद्धा झाली नव्हती.

मी व्हरांड्यात वकिलांवर चिडले, अहो मला बोलूच दिलं नाही. ते म्हणाले, “ताई, तुम्हाला जे बोलायचंय ते लिहून द्या, ते फाईलीत राहतं. आत्ता बोललं असतं तर स्टेनोने अर्धंच घेतलं असतं.” लेखी युक्तिवाद आम्ही दोघांनी बसून लिहिला, साडेतीन पानं, १४ ऑगस्टला दिला, पोच घेतली. माझ्या चार पानांतलं फार काही उरलं नाही. मुद्दे तीनच. नोटीस नीट बजावली नाही, ऐकून न घेता निर्णय दिला. मृत्युपत्रावर वाद असताना साक्षीदार तपासले नाहीत. आणि तिसरा, सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये जितेंद्र सिंह विरुद्ध मध्य प्रदेश राज्य ह्या प्रकरणात सांगितलंय की मृत्युपत्राबद्दल वाद असेल तर त्यावर हक्क सांगणाऱ्याने दिवाणी न्यायालयात जाऊन तो ठरवून घ्यावा, फेरफाराच्या नोंदीने मालकी ठरत नाही, ती महसुलापुरती असते.

हा तिसरा मुद्दा दोन्ही बाजूंनी कापतो बरं का. म्हणजे आमची नोंद झाली म्हणून आम्ही मालक ठरलो असंही नाही. माझ्या मैत्रिणीला मी पहिलं हेच सांगितलं, प्रांतांकडे जमीन कोणाची ह्याचा निकाल लागत नाही, सातबाऱ्यावर आत्ता काय लिहायचं एवढंच ठरतं. मालकीचं भांडण असेल तर ते दिवाणीत. मग एवढा खटाटोप कशाला? कारण बँक, पीक विमा, सोसायटी, खरेदीखत, सगळे आधी सातबाराच बघतात, आणि दावा लावायचं ओझं मग ज्याचं नाव नाही त्याच्यावर येतं.

निकाल ९ ऑक्टोबर २०२४ चा. म्हणजे अपील दाखल केल्याला बरोबर एक वर्ष. मला तो कळला २५ ऑक्टोबरला, तोपर्यंत विधानसभेची आचारसंहिता लागली होती. अपील अंशतः मंजूर, मंडळ अधिकाऱ्यांचा आदेश रद्द, सर्वांना नोटीस देऊन, साक्षीदारांचे जबाब घेऊन फेरचौकशी करावी. मी “जिंकलो” म्हणून आईला मिठी मारली आणि मग वकिलांनी समजावलं की प्रकरण परत तिथेच, पहिल्या टेबलावर गेलंय. ह्याला रिमांड म्हणतात.

फेरचौकशी सुरू झाली ती निवडणुका आटपल्यावर, २२ जानेवारी २०२५ ला. मंडळ अधिकारीही तोवर बदललेले, तरुण, शांत, सगळं स्वतः टाईप करणारे. आईचा जबाब घेतला. आईला अक्षरं जुळवून वाचता येतं, पण त्यांनी पूर्ण मोठ्याने वाचून दाखवला आणि विचारलं, आजी काही बदलायचंय? आईने एक वाक्य बदलून घेतलं. “मुलगा मला सांभाळत नाही” असं टाईप झालं होतं, आई म्हणाली, “मी असं म्हणले नाही. मी सध्या लेकीकडं असते असं म्हणले.” त्यांनी खोडून नीट केलं. दादा समोरच बसला होता. कोणीही जबाब देणार असाल तर हे करा, सही करायच्या आधी प्रत्येक ओळ ऐका, घाई केली तरी थांबवा.

१२ फेब्रुवारीला साक्षीदार. दोघांपैकी एक २०२१ मध्येच वारलेले. दुसरे काका नानांच्या बरोबरीचे, काठी टेकत आले. म्हणाले सही माझीच आहे, पण नानाने माझ्यासमोर सही केली नव्हती, कागद घरी आणून दिला होता. कोणी आणून दिला ते त्यांनी सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा.

२१ मार्च २०२५ चा आदेश, मृत्युपत्राची वैधता दिवाणी न्यायालयाने ठरवावी, तूर्त वर्ग एकच्या वारसांप्रमाणे पत्नी, मुलगा, मुलगी अशा तिघांची नोंद मंजूर. त्या सुमारास राज्यभर जिवंत सातबारा मोहीम जोरात होती, मयत खातेदारांच्या वारसांची नावं गावातच लावून देत होते. ज्यांच्याकडे वाद नाही त्यांनी खरंच ह्या मोहिमांचा फायदा घ्यावा, आमचं गाडं हरकतीमुळे वेगळ्या रुळावर होतं.

हिशोब विचाराल तर वकील अठरा हजार, टायपिंग-झेरॉक्स-तिकिटं एकोणीसशेच्या आसपास, नकलांचे दोनशे चाळीस, प्रवास साडेसहा हजार, असे साधारण साडेसव्वीस हजार गेले. तेरा-चौदा फेऱ्या. अकरा रजा. आमच्याकडे तोंडाने कोणी काही मागितलं नाही, म्हणून ते खातं रिकामं. दादाचाही असाच खर्च झाला असणार, म्हणजे त्या जमिनीतल्या एका हंगामाचं उत्पन्न आम्ही दोघांनी मिळून व्हरांड्यात घालवलं.

दादाने अजून पुढे अपील केलेलं नाही, दिवाणी दावाही लावलेला नाही. लावेल कदाचित, त्याचा हक्क आहे. गुढीपाडव्याला त्याने आईला फोन केला होता, पाऊण तास बोलले, जमिनीचा विषय कोणीच काढला नाही. जमीन तोच कसतोय, आम्ही वाटपाचा अर्ज दिलेला नाही.

६ मे २०२५ ला नवीन सातबारा निघाला. प्रिंट काढून घरी आणली, आईने चष्मा लावून बोट ठेवून ठेवून वाचली. नानांचं नाव कंसात, खाली तीन नावं. आणि तिच्या स्वतःच्या नावात पहिली वेलांटी दुसरी झालेली. लेखनप्रमाद, कलम १५५ चा अर्ज, आधार कार्डाची प्रत जोडून तहसीलदारांकडे द्यायचा. मी पुढच्याच आठवड्यात जाऊन दिला. संध्याकाळी दारातून आत येतेय तोच स्वयंपाकघरातून आईचा आवाज, “पोच घेतलीस ना गं?”